हायरमची ठासणी

ऑर्फा टेनंट नवऱ्याचं पिस्तूल पिठाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून गावात निघाली, तेव्हा तिच्या मनात भीती वगैरे काही नव्हती. गहू कापून झाला होता, मका डोक्याएवढा उभा होता. कॉफी संपली होती, शिवणाची सुई मोडली होती आणि पिस्तूल बदलून घ्यायचं होतं. एवढ्याच कामांसाठी तिने गाडीला घोडी जुंपली होती.

त्या उन्हाळ्यात कॅन्ससभर सगळे हेच करत होते. लढाईवरून परतलेल्या माणसांनी आपापली ठासणीची पिस्तुलं घरी आणली होती. मोठी मजबूत पिस्तुलं, पण भरायची म्हणजे उपद्व्याप. चक्रीच्या प्रत्येक खणात आधी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालचा दांडा ओढून ती ठासायची, वरून चरबी फासायची आणि मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. हवा दमट झाली की सगळी मेहनत पाण्यात. आता पितळेची काडतुसं निघाली होती. खणात सरकवली की काम झालं. नवं पिस्तूल परवडत नाही असे लोक जुनंच घेऊन योस्ट लिनहार्टकडे जायचे. तो चक्रीची मागची बाजू कापायचा, तिथे नवी चकती आणि छोटं झाकण बसवायचा, पिस्तुलाच्या घोड्याला टोक काढायचा आणि ठासणीचा दांडा कायमचा उतरवून टाकायचा.

लिनहार्ट म्हातारा स्विस माणूस. त्याच्या दुकानात तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. त्याने पिशवी उलगडली.

"भरलेलं आहे?"

"असेल. हायरमनेच भरलेलं. पण शेजारच्या मिसेस गॉफ म्हणतात, एवढ्या महिन्यांत आत दारूचा चिखल झाला असेल. मोडक्या गाड्या घेऊन भटकणारे लोक हल्ली रस्त्याने फार जातात. मी एकटी. वेळेला चाप ओढला आणि नुसतं टक् झालं, तर?"

"बरोबर आहे." लिनहार्टने डोळ्याला भिंग लावलं आणि टोप्या एकेक करून काढल्या. मग करंगळीने खणाच्या तोंडावरची चरबी घेतली, बोटावर चोळली, हुंगली. त्याचा हात जरा थांबला.

"मिस्टर टेनंट गेले ते..."

"एप्रिलमध्ये."

"त्यानंतर कोणी हे हाताळलं?"

"मी चुलीवरची फळी पुसताना उचलते आणि परत ठेवते. मला भरता येत नाही. हायरम शिकवायचाच नाही. म्हणायचा, तू पाव भाज, मी हे करतो. कामं बदलली तर दोघंही मरू."

म्हातारा हसला नाही. त्याने एका खणातली गोळी उकरली, खालची दारू लोखंडी पट्टीवर ओतली आणि काडी लावली. फस्सकन पांढरा धूर उठला.

"मिसेस टेनंट, ही दारू कोरडी ठणठणीत आहे. आणि ही चरबी... एवढ्या उन्हाळ्यात एप्रिलची चरबी राहत नाही. वितळून वाहून जाते. ही फार तर कालची. कोणीतरी फार मायेने भरलंय हे."

ऑर्फाचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला म्हणायचंय काय? माझ्या घरी कोणी पुरुष येतो?"

"देवाशपथ, मी असं..."

"विधवा गावात राहिली तर गावाला जड होते, आणि एकटी राहिली तर गावाला गोष्ट मिळते! तुम्ही लोखंड कापता ना? मग लोखंडच कापा."

लिनहार्टने भिंग काढून टेबलावर ठेवलं. "एकच सांगतो, पोरी. एकदा कापलं की कापलं. ठासणी परत जोडता येत नाही. तुझ्या माणसाची वस्तू आहे म्हणून विचारतो."

"कापा," ती म्हणाली.

पैशांऐवजी तिने त्याला हायरमचा दोर आणि रहाट दिला. तो घरात असलेला तिला नकोच होता.

हायरम विहिरी खणायचा. एप्रिलमध्ये तो गॉफच्या शेतात विहीर खणत होता. एका रात्री तळाशी कसलासा कोंदट वायू साचला आणि त्याला कळलं नाही. सकाळी तो खाली उतरला, आणि वरून आमोस गॉफने हाक मारली तर उत्तर आलं नाही. दोर ओढून वर काढलं तेव्हा तो झोपल्यासारखा दिसत होता. आमोसची बायको टॅबिथा तेव्हापासून ऑर्फाकडे आली की डोळ्याला डोळा देत नसे. येताना लोणी घेऊन यायची आणि जाताना रडायची.

ऑर्फा मात्र रडली नव्हती. नवरा गेला त्या संध्याकाळी गाय हंबरत होती म्हणून ती धारा काढायला गेली, आणि मग रोजच जात राहिली. सूर्य टेकला की गोठा. हायरम होता तेव्हा हीच त्याची पिस्तूल भरायची वेळ. ती बादली घेऊन परत यायची तोवर तो टेबलावरची दारू पुसत असायचा. लढाईत लागलेली सवय. रात्र पडायच्या आत पिस्तूल रिकामं करून, पुसून, ताज्या दारूने भरायचं, चुलीवरच्या फळीवर ठेवायचं आणि म्हणायचं, "झालं. आता खुशाल झोप."

एकदा तिने विचारलं होतं, "इतकी कोणाची भीती आहे तुला?"

"भीती नाही गं," तो म्हणाला होता. "काम आहे."

लिनहार्टने पिस्तूल तयार केल्याचा निरोप पाठवला, तेव्हा ती सकाळीच जाऊन घेऊन आली. त्याने तिला झाकण उघडायला, काडतूस सरकवायला, चक्री फिरवायला शिकवलं. इतकं सोपं, की तिला हायरमचा राग आला. एवढंसंच तर होतं. नळीखाली ठासणीचा दांडा असायचा, तिथे आता रिकामी काडतुसं ढकलायची बारीक सळई होती.

परतीच्या वाटेवर, घर कोसभर असताना घोडी अडली. कान मागे पाडून थरथरायला लागली. वायव्येकडे ढग होता, पण पावसाचा नव्हे. पावसाचा ढग असा चकाकत नाही. ऑर्फाने घोडीला चाबूक दिला. अंगणात पोचेपर्यंत पहिले टोळ गारांसारखे तिच्या डोक्यावरच्या बॉनेटवर आपटायला लागले होते. घोडी गोठ्यात, गाय गोठ्यात, दार बंद, आणि ऑर्फा घरात. तिने खिडकीला गोधडी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या.

मग दिवस मावळला. भरदुपारी.

मातीच्या ढेपांचं ते घर आधीच अंधारं, त्यात सूर्य झाकला गेला. छपरावर टोळांचा थर बसत होता, तुळया करकरत होत्या. आणि बाहेर तो आवाज. कोणी ऐकला असेल त्यालाच कळेल. हजार गुरं एकदम चरत असल्यासारखी कुरकुर, कुरकुर. तिचा मका चालला होता. ती खुर्ची कोपऱ्यात ओढून बसली. पिस्तूल टेबलावर होतं, काडतुसं अजून तिच्या एप्रनच्या खिशातच होती.

त्या कुरकुरीत तिला दुसरा एक आवाज ऐकू आला. लहान. घरातला.

पत्र्याचं झाकण. टोप्यांच्या चपट्या डबीचं झाकण नखाने उघडावं तसं... टिक.

टोळ आत शिरला असेल, ती मनाशी म्हणाली. दिवा लावावा म्हणून उठायला गेली, तोच अर्ध्यात थांबली. मग दारूच्या कुपीची कमान दाबल्याचा आवाज. चार वर्षांत तिने कितीदातरी ऐकलेला. कुपी उलटी, अंगठा कमानीवर, एक, आणि सोडली. खसखस पडल्यासारखी दारू कुठेतरी सांडत होती.

घरात वितळलेल्या चरबीचा वास पसरला. आणि ओल्या मातीचा. खोल खणलेल्या विहिरीतून वर येतो तसल्या थंड मातीचा.

टेबलावर पिस्तूल हललं. लाकडावर लोखंड घासलं. ते वळलं, परत वळलं. कोणीतरी ते हातात घेऊन नळीखाली चाचपत होतं... दांडा शोधत होतं. एक गोळी घरंगळत टेबलाच्या कडेला आली आणि जमिनीवर पडली. दुसरी गोळी. परत चाचपणं, आता घाईघाईने, आंधळा माणूस अनोळखी घरात दाराची कडी शोधतो तसं.

ऑर्फाला कळलं.

तिला भीती वाटायला हवी होती, पण भीतीच्या आधी दुसरंच काही तिच्या छातीत फुटलं. टोळांनी सूर्य झाकला म्हणून त्याला संध्याकाळ झाली असं वाटलं होतं. तो आपल्या वेळेला आला होता. रोज येत होता. एप्रिलपासून रोज, ती गोठ्यात असायची तेवढ्या वेळात येऊन, पिस्तूल पुसून, भरून, फळीवर ठेवून जात होता. ती बादली घेऊन आत यायची आणि रिकाम्या घरात एकटी जेवायला बसायची. घर रिकामं होऊन क्षणही झालेला नसायचा, आणि तिला पत्ता नव्हता. आणि ज्या एका कामासाठी तो येत होता, ते काम तिने म्हाताऱ्याच्या करवतीखाली स्वतःच्या हाताने ठेवलं होतं.

"हायरम..." ती म्हणाली. "हायरम, मी आहे रे."

टेबलावरचा आवाज थांबला. बाहेर मका खाल्ला जात होता. मग हलकेच, अगदी हलकेच, पिस्तूल लाकडावर ठेवल्याचा आवाज आला.

टोळ तीन दिवस राहिले. ते गेले तेव्हा रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. कांदे जमिनीतून कोरून खाल्ले होते, नुसती गोल भोकं राहिली होती. फावड्याच्या दांड्यावर घामाचा हात लागायचा तेवढी जागाही कुरतडली होती. ऑर्फा तशीच गाडी घेऊन लिनहार्टकडे गेली.

"परत जोडा," तिने पिस्तूल समोर ठेवलं.

लिनहार्टने तिच्याकडे पाहिलं, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसतानाही आवाज खाली आणला. "काय झालं?"

तिने सांगितलं. तो हसला नाही, छातीवर क्रूसाची खूण केली नाही. नुसता उठून कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीशी गेला आणि चक्रीचा कापलेला तुकडा घेऊन आला. करवतीने त्याचे दोन भाग झाले होते.

"दांडा एक वेळ परत लावला असता. पण हे? हे जुळत नाही, पोरी. बार उडाला तर तुझा हात घेऊन जाईल. मी म्हणालो होतो..."

"म्हणाला होतात."

"दुसरं देतो. माझ्याकडे अगदी तसंच आहे, ठासणीचं. घेऊन जा. पैसे नकोत."

तिने ते नेलं. लोण्याची परतफेड म्हणून गाय तिने गॉफकडेच पाठवली, तिच्याकडे चारा नव्हताच. आता संध्याकाळी तिला गोठ्यात जायचं कारण उरलं नाही. दिवस कलला की ती चुलीपाशी, टेबलाकडे पाठ करून बसायची. टेबलावर दोन्ही पिस्तुलं. अंधार खिडकीतून आत यायला लागला की मातीचा गारवा यायचा, आणि मग टिक. डबीचं झाकण.

लिनहार्टच्या पिस्तुलाला त्याने हात लावला नाही. त्याला फक्त आपलं माहीत होतं. जिवंत असतानाही तो तसाच होता. दुसऱ्याच्या कपात कॉफी प्यायचा नाही.

रोज तीच चाचपणी. सकाळी टेबलावर दारू सांडलेली असायची, गोळ्या कोपऱ्यात गेलेल्या असायच्या. तिने कुपी उचलून पाहिली. एप्रिलमध्ये ती काठोकाठ होती, आता तळ वाजत होता. एका संध्याकाळी चाचपणं थांबलं. मग तिला श्वासासारखं काही ऐकू आलं. कष्टाळू माणूस काम जमत नाही म्हणून टेबलाशी मान खाली घालून बसतो ना, तसं. ते ऐकून मात्र ती रडली. एप्रिलपासून साठवलेलं सगळं रडली.

टॅबिथा गॉफ आली ती निरोप घ्यायला. आमोसने गाडी भरली होती. ते पूर्वेला, तिच्या भावाकडे निघाले होते.

"चल आमच्याबरोबर," टॅबिथा म्हणाली. "अगं, काय राहिलंय इथे? माझे हिरवे पडदेसुद्धा खाल्ले मेल्यांनी. आमोस मला म्हणतो, निदान तुझ्या हातचं काहीतरी कोणीतरी इतक्या आवडीने खाल्लं." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "ऑर्फा, मी तुला इथे टाकून गेले तर मला झोप लागायची नाही. आधीच लागत नाही. ती विहीर आमची होती गं."

"विहीर कोणाचीच नव्हती, टॅबिथा. तू ते ओझं वाहू नकोस." ऑर्फाने तिचा हात धरला. "पण मला येता येणार नाही."

"का? कोणासाठी थांबतेस?"

ऑर्फाने टेबलाकडे पाहिलं. "तो येतो. त्याचं काम अर्धं राहिलंय. मी गेले तर तो रिकाम्या घरात रिकामं पिस्तूल घेऊन बसून राहील."

टॅबिथाने हात सोडवून घेतला नाही, पण तो तिच्या हातात गार पडत गेला. गाडी निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ऑर्फाने दिवा लावला, खुर्ची टेबलाशी ओढली आणि पिस्तूल हातात घेतलं. गारवा यायची वाट पाहिली. तो आला, तिच्या उजव्या खांद्यापाशी, अगदी जवळ.

"बघ," ती म्हणाली. "दांडा नाहीये आता. शोधू नकोस. दारू नको, टोपी नको. ह्यातच सगळं असतं. हे झाकण... अंगठ्याने असं बाजूला कर. हे पितळेचं आत सरकव. पूर्ण, टेकेपर्यंत. चक्री एक घर फिरव. आता दुसरं."

तिने सगळे खण भरले. मग सळईने ढकलून सगळी काडतुसं काढली, टेबलावर ओळीने ठेवली आणि टेबलाकडे पाठ करून चुलीशी बसली. पाठीमागे काहीच झालं नाही. ओळीतलं एक काडतूस आडवं झालं, एवढंच.

दुसऱ्या संध्याकाळी परत. तिसऱ्या संध्याकाळी परत. मक्याच्या खुंटांवर पहिलं दंव पडेपर्यंत ती शिकवत राहिली. कधी चिडायची. "अरे, इतक्या विहिरी खणल्यास आणि एवढं झाकण उघडत नाही?" मग जीभ चावायची. कधी शिकवता शिकवता दुसरंच बोलायची, दिवसभरात काय झालं ते. वेड्या बाईसारखी बडबडते आहे, असं रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असतं. पण लग्नानंतर ती त्याच्याशी इतकं कधी बोलली नव्हती.

मग एका संध्याकाळी, पाठीमागे, झाकण उघडलं.

ती वळली नाही. श्वास धरून बसली. काडतूस सरकलं. थांबलं. टेकलं. चक्री फिरली, एक घर. परत झाकण चुकलं, परत सापडलं. दुसरं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती चुलीतल्या निखाऱ्यांना सांगत होती, "हो... असंच... हो." शेवटचं काडतूस बसल्यावर झाकण मिटलं. पिस्तूल फळीवर ठेवल्याचा आवाज आला, ती बसली होती तिथून हातभर वर, आणि तिच्या केसांवरून गार वारा गेला.

"झालं," ऑर्फाच त्याच्यासाठी म्हणाली. "आता खुशाल झोपते."

आणि झोपली. कित्येक महिन्यांत झोपली नव्हती इतकी गाढ.

सकाळी ती फळी पुसायला गेली. पिस्तूल उचललं आणि तिचा हात चटकन मागे आला. नळी कोमट होती. चक्री फिरवली, एक काडतूस उडालेलं होतं. तिने भिंती पाहिल्या, छत पाहिलं, दार पाहिलं. कुठे भोक नव्हतं. दाराचा अडसर आतून जसाच्या तसा. बाहेर गेली तर कुंपणापाशी जळलेल्या दारूचा वास होता, आणि दंवावर कोणाचंही पाऊल नव्हतं.

तो एवढी वर्षं पिस्तूल का भरत होता, हे तिने त्याला एकदाच विचारलं होतं. आता ते उत्तर तिला आठवलं, आणि उन्हात उभ्या उभ्या तिच्या अंगावर काटा आला. काम आहे, तो म्हणाला होता. टोळ आल्यापासून तो रिकाम्या पिस्तुलाशी झगडत होता तेव्हा ते काम तसंच पडून राहिलं होतं. आणि जे काही कुंपणाबाहेर असायचं, ते तेवढ्या दिवसांत बाहेरच थांबलं असेल कशावरून?

त्यानंतर काडतुसं लागत गेली. लिनहार्टने एकदा डबी पुढे सरकवताना विचारलं, "शिकारीला?"

"नाही," ऑर्फा म्हणाली. "त्याला लागतात."

तिने दिलेले पैसे म्हाताऱ्याने उचलले नाहीत.

जळक्या दारूचा वास आधी कुंपणाशी असायचा. पुढे गोठ्याशी. नाताळच्या सुमारास तो उंबऱ्यावर आला. तिने लिनहार्टला ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "पोरी, घर सोड. माझ्या दुकानामागे खोली आहे, राहा तिथे." ती म्हणाली, "तो तिथे येईल का?" म्हाताऱ्याने काडतुसांची आणखी एक डबी पुढे सरकवली. बर्फ वितळायला लागलं की बघू, असं ती म्हणाली आणि घरी आली. त्या संध्याकाळी सगळे खण भरले गेल्याचं तिने ऐकलं. हात आता सराईत झाला होता, पण शेवटी शेवटी चक्री फार घाईने फिरत होती.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीच्या गोधडीतून उजेड झिरपत होता. ती कुशीवर वळली आणि पाहिलं. हायरम झोपायचा त्या बाजूची उशी दबली होती. मध्ये खोल खळगा, डोक्याएवढा. एप्रिलपासून त्या उशीला कोणी टेकलं नव्हतं. तिने स्वतःही नाही. तिचा ऊर भरून आला. तिने हात लांबवून तळवा त्या खळग्यावर ठेवला. उशी उबदार होती.

"आलास," ती कुजबुजली. "दमला असशील. झोप ना जरा..."

मग तिला आठवलं, की तो येतो तेव्हा नेहमी गारवा येतो.

आणि मग तिला धुराचा वास आला, अगदी अंथरुणातून. तिने मान उचलून टेबलाकडे पाहिलं. पिस्तूल फळीवर नव्हतं. टेबलाच्या कडेवर होतं, घोडा पडलेला, सगळी काडतुसं उडालेली, नळीतून अजून बारीक पांढरी रेघ निघत होती. आणि नळीचं तोंड दाराकडे नव्हतं. ते तिच्या हाताखालच्या त्या उबदार खळग्याकडे होतं, जो आता, अगदी सावकाश, आणखी खोल होत होता.